जांभळ्या कापडाखाली

मित्रांनो, मी रेडिओ. जुना आहे हे वेगळं कशाला सांगू, माझ्याकडे एकदा बघितलं की कळतंच! चामडी पिशवीची शिवण उसवली आहे, काटा मधेच अडकतो आणि एरियलचं टोक कधीचंच मोडलं आहे. जळकोटच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत वळलं, की आमची वस्ती लागते. तिथं चर्चची एकच खोली आहे. रविवारी तिथं फादर मिस्सा म्हणजे रविवारची उपासना करतात आणि बाकीचे सहा दिवस ती महिला मंडळाची. मी त्या मंडळाचा रेडिओ आहे. मंडळाचा, बरं का! एकट्या कुणाच्या घरचा नाही. ह्याचा मला फार अभिमान आहे आणि थोडं दुःखही आहे. कारण संध्याकाळी सगळ्या जणी आपापल्या घरी जातात आणि सगळ्यांचा असलेला मी एकटाच खोलीत उरतो.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. एका बाईनं माझ्या केसासारख्या तारा डाख देऊन जोडल्या. तिनं मला पहिल्यांदा लावलं तेव्हा मी नुसता खरखरलो आणि ती हसली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. पुढे कितीतरी महिने मी खोक्यात होतो. पोटात एवढं बोलायचं घेऊन गप्प बसणं काय असतं, हे तुम्हाला कळेल. वर्गात बाई "तोंडावर बोट" म्हणतात ना? तसंच, पण महिनोन्महिने!

मग १९७८ साली मला मंडळ चालवणाऱ्या सिस्टर सेराफिनांनी आणलं. त्या मूळच्या वसईच्या. एस.टी.त त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर म्हणाला, "सिस्टर, लावा की जरा. गाडीचा आवाज ऐकून ऐकून कान किटले." सिस्टरनी मला लावलं आणि जळकोट येईपर्यंत आख्खी गाडी गात होती. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा प्रवास. तसा तो एकच झाला म्हणा.

ते दिवस कसे होते सांगू? संध्याकाळी बायका दूध सोसायटीत दूध घालून यायच्या आणि माझ्याभोवती बसायच्या. कार्यक्रम संपला की सिस्टर मला बंद करायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला आता. खरं वाटलं का? कुणाच्या भल्याचं होतं?"

एकदा दुधाच्या सहकारी संस्थांवर भाषण झालं. गजराबाई, म्हणजे आमच्या मंडळातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई, लगेच म्हणाली, "ते सारखं 'शेतकरी बंधूंनो, बंधूंनो' म्हनत व्हतं. म्हशीचं शेन म्या काढते, धार म्या काढते. ह्ये बंधू कुठनं आले?" दुसऱ्या एका दिवशी गोरं होण्याच्या मलमाची जाहिरात लागली. तेव्हाही तीच म्हणाली, "देवानं मला काळी केली ती काय चुकून व्हय?" सगळ्या हसून लोळल्या. सिस्टरही हसल्या, पण मग म्हणाल्या, "गजराबाई, आज प्रवचन तुम्हीच दिलंत." मला तेव्हा फार भारी वाटायचं. मी बोलायचो, पण शेवटचा शब्द त्या बायकांचा असायचा.

पुढे दोन वर्षं सलग दुष्काळ पडला. त्याच्या आधीच सिस्टरची बदली झाली. जाताना त्यांनी माझी काच पदरानं पुसली.

मंडळ आता जाईबाईंकडे आलं. जाईबाई विधवा, पन्नाशीच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. त्या मनानं वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण त्यांना माझी भीती वाटायची. एका दुपारी जपमाळेच्या वेळेला पोरी माझ्यावर सिनेमातली गाणी लावून नाचत होत्या, ते त्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून त्या माझ्याकडे बघायच्या ते असं, जणू मीच पोरींना फूस लावली!

१९८६ साल. विहिरीत पोहरा टाकला की खडखड आवाज यायचा. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. त्यातच राखेचा बुधवार आला. फादरनी सगळ्यांच्या कपाळावर राख लावली आणि उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले. ह्या दिवसांत प्रत्येकानं आपल्या आवडीची एक गोष्ट देवासाठी सोडायची असते. जाईबाईंनी मंडळाला विचारलं, "बायांनो, यंदा काय सोडायचं?"

गजराबाई म्हणाली, "गोड सोडा म्हनाल, तर गूळ दिवाळीपासनं बघितला न्हाय. च्या सोडा म्हनाल, तर दूधच न्हाय. आता काय पानी सोडू?"

कुणी हसलं नाही. खरंच, सोडायला होतं काय? जाईबाईंची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"ह्यो हाय की," त्या म्हणाल्या. "ह्यो सोडू. चाळीस दिस रेडू बंद. देवाला शब्द दिला, आता मोडायचा न्हाय."

उपवासाच्या दिवसांत चर्चमधले पुतळे झाकायच्या जांभळ्या कापडातला एक तुकडा उरला होता. जाईबाईंनी तो माझ्यावर टाकला आणि कडा नीट खोचल्या. अगदी मायेनं खोचल्या, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, कापडाखाली दिवस फार मोठे असतात. बायका रोज यायच्या, बसायच्या, प्रार्थना करायच्या आणि जायच्या. मला त्यांचा आवाज ऐकू यायचा, पण त्यांना माझा नाही. सेल नवेकोरे होते, पोटात तसेच. नुसतं एक बटण फिरवलं असतं तर! मी काय काय बोललो असतो, मला स्वतःलाच माहीत नाही. बंद रेडिओला जगाचं काहीच कळत नाही. शेजारी ठेवलेल्या मेणबत्तीइतकाच तो अडाणी.

तिसऱ्या आठवड्यात चांगुणा रडत आली. चांगुणा म्हणजे आमच्या भिमाबाईंची लेक. भिमाबाई साठीच्या पुढच्या, अलीकडे फार विसरायच्या. पाण्याचे हाल म्हणून त्या मोहोळला भावाकडे गेल्या होत्या. परत येताना सोलापूरला गाडी बदलायची होती, आणि तिथंच त्या चुकल्या. चांगुणानं चार दिवस सोलापूर पालथं घातलं, पोलिसांत सांगितलं. काही पत्ता नाही.

"मावशी," ती जाईबाईंना म्हणाली, "रेडूवर सांजच्याला हरवलेल्यांचं सांगत्यात. उगं तेवढंच ऐकू का?"

कापडाखाली मी मनातल्या मनात ओरडलो. उघडा, उघडा!

 जाईबाई म्हणाल्या, "पोरी, चाळीस दिसांचा शब्द दिलाय. आता मोडला तर आपली हाक कोन ऐकंल? माळ धर. देव रेडूवरनं बोलतो व्हय?"

चांगुणानं माळ धरली. त्या दिवसापासून सगळ्या जणी रोज माझ्यासमोर गुडघे टेकून भिमाबाईंसाठी 'नमो मारिया' ही मारियामातेची प्रार्थना म्हणू लागल्या. पन्नास वेळा. जाईबाईंचे डोळे भरून यायचे. आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

असे अठरा दिवस गेले.

एका संध्याकाळी दाराशी सायकल वाजली. हमरस्त्यावर चहाचं हॉटेल चालवणारे कल्याणप्पा आले होते. गजराबाईकडं दूध मिळतं का विचारायला. दारातूनच त्यांनी चांगुणाला बघितलं. "काय गं चांगुणा, आई बरी हाय का आता? आनलीस न्हवं अक्कलकोटातनं?"

सगळ्यांच्या माळा थांबल्या.

"अक्कलकोट?" चांगुणानं विचारलं.

"अगं, रेडूवर सांगितलं की! नऊ दिस झालं. 'चुकीच्या गाडीनं आलेली, स्टँडवर पडलेली एक म्हातारी सरकारी दवाखान्यात हाय, नाव भिमाबाई सांगते, गाव सांगता येत न्हाय, गळ्यात मण्यांची माळ, माळंला क्रूस.' म्या म्हनलं, क्रूस म्हंजी तुमचीच. पुन्यांदा बी सांगितलं तीन दिसांनी. आन् तुमच्याकडं तर मंडळाचा रेडू! तुमी ऐकलंच आसंल म्हनून म्या गप बसलो..."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावरच्या कापडावर गेली आणि ते थांबले. चांगुणा उठली आणि तशीच धावत रस्त्याला लागली. जाईबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांगुणा आईला घेऊन आली. घरी नेण्याआधी त्यांना खोलीत आणलं, कारण सगळ्या तिथंच वाट बघत होत्या. भिमाबाई अगदी वाळल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या, एकेकीचं तोंड बघितलं आणि हसल्या.

"म्या त्या नर्सबाईला म्हनलं, गावाचं नाव आठवंना, पन आमच्या मंडळात रेडू हाय. माजं नाव रेडूवर सांगा, पोरी ऐकत आसतील. त्यांनी सांगितलं. मग म्या रोज खाटंवर बसून दाराकडं बघायची." मग त्या लेकीकडे वळल्या. "लई दिस लावलंस गं चांगुणे."

 

चांगुणानं खाली मान घातली. "आये, रेडूचे सेल गेले व्हते," ती म्हणाली.

म्हणजे चूक माझी ठरली. मी काय बोलणार? पण तिनं ते का म्हटलं हे मला कळलं. तिनं जाईबाईंना वाचवलं होतं. मला त्यात वाईट वाटलं नाही, खरंच नाही.

पण जाईबाई उठल्या. भिमाबाईंच्या समोर जाऊन खाली बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "सेल न्हाय गेले, भिमाक्का. तुमची लेक तुमच्याशी खोटं बोलली, माज्यापायी. म्या त्याला झाकून ठिवलं. ही मागत व्हती, तरी दिला न्हाय. तुमी दाराकडं बघत व्हता, आन् आमी हितं गुडघ्यावर..."

 मला वाटलं, आता भिमाबाई रागावतील. पण त्या म्हणाल्या, "बरं. मग आता उघड की."

उपवास संपायला, म्हणजे ईस्टरला, अजून आठ दिवस होते. तरी जाईबाईंनी स्वतःच्या हातानं कापड काढलं आणि बटण फिरवलं. त्यांनी मला लावायची ती पहिलीच वेळ. बातम्या संपत आल्या होत्या. मग हरवलेल्यांची माहिती लागली. कुठल्याशा गावची एक मुलगी, एक म्हातारे गृहस्थ. ती दोघं कुणाच्याही ओळखीची नव्हती, तरी एकही बाई जागची हलली नाही. गजराबाईनं दोन्ही नावं पुन्हा पुन्हा म्हणून पाठ केली आणि सकाळी कल्याणप्पांच्या हॉटेलात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना सांगितली.

पुढच्या वर्षीच्या उपवासाआधीच भिमाबाई देवाघरी गेल्या. जाईबाईंनी मंडळाला सांगितलं, "यंदा गानी सोडू. मानसं सोडायची न्हायत." ती चाळीस दिवसांची रीत मग कितीतरी वर्षं चालली. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत, फक्त बातम्या आणि हरवलेली माणसं. आणि प्रत्येक नावापुढे एक नमो मारिया.

आता पंचायतीत टीव्ही आला आहे. सगळ्या तिकडे जातात आणि मी बहुतेक वेळ गप्प असतो. टीव्हीवर मी रुसलेलो नाही. पण मित्रांनो, एक मागणं आहे. रेडिओ असो, टीव्ही असो, उद्या आणखी काही येवो. त्याला डोक्यावर बसवू नका, आणि घाबरून झाकूनही ठेवू नका. आम्हाला जपा. आमची धूळ पुसा. आमच्यातून काय येतं ते नीट ऐका, नको ते सोडून द्या. पण कुणाचं नाव कानावर पडलं, तर उठा आणि ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोचवा. दुसऱ्यानं ऐकलंच असेल असं समजून बसू नका. लांब कुठंतरी कुणीतरी खाटेवर बसून दाराकडे बघत असतं, आणि तुम्ही ऐकत असाल, ह्यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो.