राणीचं नाक

आमच्या ह्यांना मला मारायचं होतं आणि तेच काही त्यांच्याच्यानं होत नव्हतं. घाबरू नका, चित्रात मारायचं होतं. पण त्यापायी घरात जे काही चाललं होतं, त्यापेक्षा खरं मरण परवडलं असतं, असं मी एकदा बोलूनही गेले. मग जीभ चावली.

तर आमचे हे राक्षस काढतात. पोटापाण्याचा धंदाच तो. अद्भुत गोष्टींच्या पुस्तकांमधले राक्षस, चेटकिणी, उडते घोडे, जळते किल्ले, सगळं ह्यांच्या हातचं. गल्लीतली पोरं ह्यांना राक्षसकाका म्हणतात. हा राक्षसकाका घरात पाल दिसली की पलंगावर चढून मला हाका मारतो, ते पोरांना कुठलं माहीत असायला! सुरुवातीला दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग मासिकांच्या कोपऱ्यात भुतं काढली. पुढे एका शूर राणीच्या गोष्टींची पुस्तकं आली, एकामागून एक येतच राहिली, तेव्हा कुठे जरा बरे दिवस दिसले.

ह्यांची एक खोड आहे. मनानं काही काढायचं नाही, समोर कुणीतरी हवं. ड्रॅगनच्या नख्यांसाठी खाटकाकडून कोंबडीचे पाय येतात. घरमालकाचे कान एका राक्षसाला गेलेत. माझ्या नणंदेची हनुवटी चेटकिणीला लागलीय, आणि तिला अजून त्याचा पत्ता नाही. देव करो आणि लागूही नये! आणि राणी म्हणजे मी. स्वयंपाकघरातलं स्टूल हे माझं सिंहासन, झाडू ही तलवार, आणि सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसले की झाला घोडा. लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून गोड शब्द किती ऐकले असतील ते सोडा, पण "हलू नकोस!" मात्र रोज ऐकलंय. एरवी मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिथे कुणी मला मुजरा करत नाही.

शेवटच्या पुस्तकात राणी मरते. लेखकाला तेच सुचलं, त्याला आपण काय करणार? मुखपृष्ठावर दगडी चौथऱ्यावर निजवलेली राणी हवी होती, अंगावर पांढरी चादर, हात छातीवर. आणि नेमकी त्याच सुमारास मला आंघोळ करताना छातीत गाठ लागली.

डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला, दुकानाचा नि घरचा नंबर घेतला आणि "फोन करतो" म्हणाले. अज्ञानात आनंद असतो म्हणतात, तो आनंद काही माझ्या नशिबी नव्हता. कुठल्या गाठीवर कुठली औषधं देतात ते मला ठाऊक, ती माझ्याच काउंटरमागच्या फडताळात असतात. एरवी मी त्या कप्प्याकडे बघतही नसे. आता फोनची रिंग झाली की समोरचं गिऱ्हाईक सोडून मी धावायची, आणि पलीकडून कुणी खोकल्याचं औषध विचारलं की त्याचाच राग यायचा.

हे मात्र गाठीबद्दल अवाक्षर काढत नव्हते. दिवसभर खोलीत असायचे, दार लावून. ब्रश धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. "राणीसाठी कधी बसू?" विचारलं की म्हणायचे, "बघू. अजून चौथऱ्याचंच चाललंय." चौथरा कसला तो! तेवढ्यात एखादं घर बांधून झालं असतं. मग एक दिवस कपाटाचा मोठा आरसा जागेवर दिसेना. विचारलं तर म्हणाले, "उजेडासाठी नेलाय." मी म्हटलं, न्या बाबा, माझं तोंड बघायला मला तरी कुठे हौस आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन दुपारी, दुकानात फोन वाजला. मी झडप घालून उचलला. पण फोन डॉक्टरांचा नव्हता, पुस्तकाच्या संपादकबाईंचा होता.

"ताई, चित्राचा फोटो आला. सुंदर आहे हो, काय सांगू. फक्त राणीचं नाक..."

"काय झालं नाकाला?"

"जरा मोठं झालंय. आणि हात पण पुरुषी वाटतात. त्यांना सांगायचा मला धीर होईना, म्हणून तुम्हाला..."

मी दुकानाच्या मालकांना सांगितलं आणि तडक घरी आले. खोलीचं दार ढकललं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या, त्यांवर आडवा टेकवलेला आमचा आरसा, खाली उशी. आणि फळ्यावर चित्र. चौथऱ्यावर राणी निजली होती. मुकुट माझा, केस माझे. नाक मात्र ह्यांचं, मधे उंचवटा असलेलं. छातीवरचे हात ह्यांचे, अंगठ्याचं रंगानं माखलेलं नख तेवढं स्वच्छ केलेलं.

मला आधी हसू फुटलं. मग असा संताप आला म्हणून सांगू!

"अहो, माझ्या जागी मरायची परवानगी तुम्हाला दिली कोणी?"

हे ब्रश पुसत बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "दादाला म्हातारा जादूगार केला होता मी. त्या पुस्तकात जादूगाराला पुलावरून पाडलं. त्याच वर्षी दादा गेला."

"भावजी सिगारेटी ओढून गेले. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, तुमच्यासमोर."

"माहितीये गं."

"मग?"

"मग काय! माहीत असून हात चालत नाही, त्याला मी काय करू?" एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान पोरासारखा. "तुझा फोन यायचाय अजून. आणि मी तुला इथे चादर घालू?"

इतके दिवस मला वाटत होतं, घरात भिणारी मी एकटीच आहे. ह्यांना काही पडलेलीच नाही, असंही वाटून गेलं होतं, खोटं कशाला बोलू.

"जेवणाचं टेबल मोकळं करा," मी म्हटलं.

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. ह्या नाकाची राणी लोकांना दाखवून माझी अब्रू घालवू नका."

टेबलावर धुतलेली चादर अंथरली, दुसरी अंगावर घेतली आणि मी निजले. हात छातीवर ठेवले. ते नेमके गाठीवर आले, म्हणून जरा खाली घेतले. ह्यांनी नवा कागद लावला. पेन्सिल कागदावर टेकायची, थांबायची, पुन्हा टेकायची. मी छताकडे बघत होते. कोपऱ्यात जाळं धरलं होतं, ते काढायला हवं होतं.

आणि फोन वाजला.

हे अर्धे उठले, पण पाय काही उचलेना. "मी घेते," म्हटलं, आणि चादरीसकट खाली उतरले.

डॉक्टरच होते. सावकाश बोलत होते, शब्द निवडून. तो आवाज मी ओळखते, काउंटरवर मीही तसंच बोलते. गाठ वाईट आहे. पण लवकर सापडलीय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, नंतर औषधं, बरं होण्याची आशा चांगली आहे. मी "हो, हो" म्हणत गेले. फोन ठेवला आणि जसं ऐकलं तसं ह्यांना सांगितलं.

ह्यांचा चेहरा कागदासारखा झाला. "बघ," म्हणाले, "नुसती रेघ ओढली आणि..."

"गप्प बसा!" मी ओरडलेच. "गाठ धरली तेव्हा तुमची राणी काय करत होती? घोड्यावर बसून जग जिंकत होती. आठवा. तेव्हा तुमच्या चित्रानं काही अडवलं का? जे वाचवू शकत नाही, ते मारणार कसलं!"

एवढं बोलून गेले आणि माझंच मला लागलं. कारण त्या घोड्यावरच्या राणीवर माझाही थोडा विश्वास होता. कधी कुणाला सांगितलं नाही, पण होता. आता टेबलाला धरून मी उभी होते. फार, फार भीती वाटत होती.

ह्यांनी येऊन चादर सावरली. मला धरून पुन्हा टेबलावर निजवलं, डोक्याखाली हात घालून, सावकाश. स्टुलावर बसले आणि पेन्सिल चालायला लागली. खरंच चालायला लागली, खरखर ऐकू येत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी निघून कानात चाललं होतं.

"हलू नकोस," हे म्हणाले.

"हलत नाहीये. रडतेय. ते काढू नका."

"नाही काढत."

उठून त्यांनी अंगठ्यानं माझ्या कानाजवळचं पाणी पुसलं, गालाला शिसं लागलं असणार, आणि परत जाऊन बसले. आता नाकावर आलेत, हे मला नजरेवरून कळलं.

"अहो."

"हं."

"झालं की उठवा मला."

"ते काय सांगायला हवं?"

"तरी म्हणा."

पेन्सिल थांबली. "उठवीन," ते म्हणाले.

मग मी डोळे मिटले.