शेंदूर न चालणारा वीर

"ट्रॅक्टर! लाल ट्रॅक्टर! थांबा बठ्ठा!"

रतिलाल भगताने हात वर केला आणि गल्लीच्या तोंडाशी त्याच्या पत्र्याच्या शेडपाशी दाटीवाटीने उभी असलेली अख्खी देवकीनगर कॉलनी जागच्या जागी थबकली. मोठ्या रस्त्यावर काय येतंय ते कोणालाच दिसत नव्हतं. भगत तर गल्लीच्या तोंडाशी मांडी घालून बसलेला, आणि त्याच्या उजव्या हाताला माणसाच्या डोक्यावरून जाईल असं कापडांचं कुंपण. तरीही जरा वेळाने कापसाची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर खडखडत समोरून गेला. लाल!

"वीर प्रेमराज भाऊ की..."

"जय!"

बायकांनी पदर डोक्यावर घेतले, पुरुषांनी हात जोडले. मोबाइल वर झाले. गर्दीच्या मागे स्कुटी धरून उभ्या असलेल्या नूतनने मात्र मान खाली घातली. ज्याचा जयजयकार चालला होता, तो तिचा नवरा होता.

नरडाण्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला देवकीनगरची गल्ली मिळते तिथे, त्या कोपऱ्यावर, प्रेमराजला टेम्पोने उडवलं होतं. खानदेशात अकाली गेलेल्या तरण्या माणसाला वीर म्हणून बसवायची चाल आहे. शेताच्या बांधावर, गावाच्या वेशीवर असे वीर असतात, आणि ते कोणाला त्रास देत नाहीत. प्रेमराज गेल्यावर त्याच्या आईने, बेबाबाईने, अन्न सोडलं होतं. डॉक्टर झाले, नातेवाईक झाले, म्हातारी तोंडात घास घेईना. तेवढ्यात रतिलाल उगवला. तो पूर्वी ट्रकवर क्लीनर होता. रस्त्यावर आयुष्य गेल्याने त्याला रस्त्यावरचे सगळे आत्मे तोंडओळखीचे होते. म्हणाला, "माय, तुना पोर्‍या कोठे गया नई. तो चौकमा उभा शे. त्याले बसाड."

बसवला. रस्त्यापलीकडे, गल्लीच्या बरोबर समोर, लाकडी मेढ रोवली, तिच्यावर स्टीलचा हंडा उपडा घातला, त्याच्या माथ्यावर लाल पागोटं बांधलं. हेच वीराचं डोकं. त्या संध्याकाळी बेबाबाई भाकरी जेवली. नूतनला त्या क्षणी भगताच्या पाया पडावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

पुढे मात्र रीतसर धंदा सुरू झाला. आपल्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे टॉवेल-टोपी. जावयाला टॉवेल-टोपी, पुढाऱ्याला टॉवेल-टोपी, मग वीराने काय घोडं मारलंय? चौकातून सुखरूप गेलेला माणूस कोपऱ्यावरच्या कुंपणाच्या तारेला टॉवेल बांधायचा. तारा भरल्या तसे बांबू वाढले. त्यावर पुढाऱ्यांचे फ्लेक्स आले. टॉवेलांमुळे रस्ता दिसेना, रस्ता दिसेना म्हणून गाड्या आपटू लागल्या, आणि गाड्या आपटू लागल्या म्हणून आणखी टॉवेल! कोणाचा गुडघा गेला, कोणाचा हात. भगत म्हणायचा, "वीर कोपला. कापड कमी पडतंय."

नूतनने तक्रार केली नव्हती असं नाही. बांधकाम खात्याच्या कचेरीतून एक साहेब मोजपट्टी घेऊन आले. वीर पाहिल्यावर मोजपट्टी खिशात गेली, साहेबांनी हात जोडले, जाताना स्वतःचाच टॉवेल बांधून गेले.

कॉलनीचे अध्यक्ष भिकन आबा तिला समजावत म्हणाले, "नूतनताई, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, मान्य. पण घरचीच सून वीर उठवायला निघाली, तर लोक काय म्हणतील? म्हणतीलच की, हिला दुसरा घरोबा करायचाय, म्हणून पहिल्याची आठवण डोळ्यांत खुपतेय."

ती उठून घरी आली.

खरी गोष्ट अशी, की तिला भगताचं गुपित केव्हाच कळलं होतं. वीरासमोर मान वर करायची नाही, असा भगताचा दंडक होता. एका दुपारी तो जेवायला गेला असताना नूतन गल्लीच्या तोंडाशी अडकली. डावी-उजवीकडे टॉवेलच टॉवेल. वैतागून तिने समोर मान वर केली, आणि हंड्याच्या गोल चकचकीत पोटावर तिला अख्खा रस्ता दिसला. मुंगीएवढी एक जीप त्यावरून सरकत होती. सरकता सरकता मोठी झाली आणि खरीखुरी जीप समोरून निघून गेली. फुगीर आरसा! घाटातल्या वळणावर लावतात तोच. भगत रोज लिंबू-राख लावून 'वीराचं तोंड' घासायचा ते याचसाठी. आणि म्हणूनच जगातल्या प्रत्येक देवाला शेंदूर चालतो, या एकाच वीराला तोंडावर शेंदूर चालत नव्हता. "फक्त पागोट्याले लावा!" म्हणून तो बायकांवर खेकसायचा.

हे तिने कोणाला सांगावं? सांगितलं की वीर गेला. वीर गेला की म्हातारीचा मुलगा पुन्हा एकदा मेला, आणि यावेळी सुनेच्या हाताने. रोज संध्याकाळी बेबाबाई हंड्यासमोर बसून प्रेमराजशी बोलायची, नातीच्या, मयुरीच्या, शाळेतल्या गमती सांगायची, मग घरी येऊन जेवायची. त्या भाकरीसाठी नूतनने जीभ गिळली होती. तारेच्या कुंपणात कॉलनी अडकली होती, आणि ती त्याहून घट्ट अडकली होती.

मग भगताने मयुरीचं नाव घेतलं.

"वीराचा सोहळा!" त्याने जाहीर केलं. "पोरीच्या डोळ्याले पट्टी बांधसूत, ती एकटी रस्ता ओलांडी. बाप गाड्या थांबाडी! तालुका देखी!"

घरी नूतन संतापून म्हणाली, "आई, मी मयुरीला पाठवणार नाही."

बेबाबाई शांतपणे म्हणाली, "बाप शे ना तठे. बाप पोरीले लागू देई का?"

"आई, तिथे हंडा आहे. प्रेमराज नाही!"

म्हातारीने ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भिकन आबा चार बायकांना घेऊन आले. "म्हातारीचा जीव गेला तर तुमच्या माथ्यावर बसेल, ताई." म्हणजे एका हाताला सासू, दुसऱ्या हाताला लेक, आणि दोन्हीकडून अख्खी कॉलनी दाबतेय. शेवटी नूतन हो म्हणाली.

सोहळ्याच्या संध्याकाळी ही गर्दी. मयुरीच्या डोळ्यांवर पिवळा रुमाल बांधलेला. स्पीकरवर गाणी एवढी मोठी, की येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येईना. लाल ट्रॅक्टरचा चमत्कार होऊन गेला होता, आता पोरीची पाळी. नूतन स्कुटी लावून पुढे आली. तिने आधी मयुरीचा रुमाल सोडला आणि तिला मागच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

"पोरगी जाईल," ती मोठ्याने म्हणाली. "पण आधी मी माझ्या नवऱ्याला शेंदूर लावणार. बायकोचा पहिला मान!"

गर्दीत कुजबुज झाली. मग बायकाच म्हणाल्या, "खरंच शे ना. लावू द्या तिले."

तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी घेऊन, हंड्यावर नजर ठेवत, ती रस्ता ओलांडून गेली. तिथल्या भगताच्या स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी हंड्याचं पोट माखू लागली.

"तोंडाले नई! ओ ताई, तोंडाले नई!" भगत उठून उभा राहिला. वीराच्या दरबारात भगत कधी उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता.

"का?" भिकन आबांनी विचारलं. त्यांनाही जरा नवल वाटलं असावं. "देवाले शेंदूर का नको, महाराज?"

नूतन पलीकडून ओरडली, "विचारा त्यांना, आता काय येतंय! वीर तोच आहे, भगत तोच आहे. फक्त आरसा झाकलाय!"

शेकडो डोळे भगतावर. मागे फिरावं तर अब्रू, पुढे जावं तर अंधार. शेवटी त्याने छाती पुढे काढली. "काही येत नई! रस्ता मोकळा शे! वीराची आण!"

"मी जास," बेबाबाई म्हणाली.

हे नूतनच्या मनातही आलं नव्हतं. म्हातारी गर्दीतून सुटली आणि पदर सावरत सरळ रस्त्यावर उतरली, पोराने हात पुढे केल्यासारखी, समोर बघत. पलीकडून नूतनला रस्ता लांबवर दिसत होता. टेम्पो येत होता.

"आई!"

ती धावली. ब्रेकचा आवाज गाण्यांच्या वर गेला. टेम्पो कलला, फ्लेक्सचा बांबू मोडला, आणि म्हातारीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. नूतन आणि बेबाबाई दोघी डांबरावर पडल्या होत्या. ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला. कोणीतरी स्पीकर बंद केला.

"आजी, आईशपथ, दिसलंच नाही हो! या टॉवेलांच्या मागून तुम्ही एकदम पुढे आल्या. दिसलंच नाही मला!"

बेबाबाई डांबरावर उठून बसली. मग हळू आवाजात सुनेला म्हणाली, "नूतन, प्रेमराज गया तवय आठे काय व्हतं वं?"

"वाढदिवसाचा फ्लेक्स होता, आई. मोठा."

"म्हंजे त्या गाडीवालाले बी दिसना नई व्हई मना पोर्‍या."

"नसेल दिसला, आई."

"आन मी तठेच टॉवेल बांधत बसनू."

म्हातारी रडली. तीन वर्षांत ती अशी रडली नव्हती. आजवर तिने रडण्याऐवजी हंड्याशी गप्पा मारल्या होत्या. नूतन तिला धरून बसली आणि तीही रडली, कारण तिलाही नवऱ्यासाठी रडायला या गर्दीने कधी जागा दिली नव्हती. भगत चपला शोधायच्या निमित्ताने वाकला आणि शेजारच्या गल्लीत पसार झाला. भिकन आबा हंड्याजवळ गेले, टॉवेलने शेंदूर पुसला, मान वर केली, आणि त्यात त्यांनाही अख्खा रस्ता दिसला.

बेबाबाई उठली. तिने तारेची पहिली गाठ सोडायला घेतली. एक माणूस चाचरत म्हणाला, "अक्का, आमचा नवस शे तो. सोडसूत ते वीर कोपी..."

"वीर मना शे," ती म्हणाली. "मी त्यानी माय शे. मी सांगस, सोडा. बठ्ठा सोडा."

आईपुढे कोण बोलणार? हात पुढे झाले. काहींनी नाइलाजाने सोडले, काहींनी डोळे मिटून, माफी मागत. फ्लेक्स मात्र ज्याचे त्याने काढावेत अशी टाळाटाळ चालली, तेव्हा मयुरीने ओट्यावरून येऊन पहिला फ्लेक्स फाडला. अंधार पडेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उभं राहून दोन्ही बाजूंचा रस्ता दूरवर दिसू लागला. पुढाऱ्यांचं आश्वासन, गतिरोधकाचा अर्ज, खराखुरा आरसा, हे सगळं नंतर व्हायचं ते होईल. आधी कोपरा उघडा झाला.

त्या दिवशी बेबाबाई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र नूतनने ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली. म्हातारीने घास हातात घेतला, आणि कोणाशीही न बोलता, कोणी समोर उभं आहे असं न मानता, तो खाल्ला.

आता तुमच्या गल्लीचं बघा. मेलेलं माणूस गाडी आणत नाही आणि अडवतही नाही. गाडी माणूस चालवतो, त्याला दिसलं तर तो ब्रेक दाबतो, आणि दिसलं नाही तर कोणाचातरी प्रेमराज जातो. चौकात देवाचं नाव घ्यायला कोणाची हरकत नाही. पण आधी दोन्हीकडे बघा, आणि दिसत नसेल तर आड येणारं ते काढा, मग ते कोणाच्याही नावाने बांधलेलं असो.