मितालीची जागा

जपानात ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहायला येऊन तीन वर्षं झाली, तरी चारुताचा जीव कधी थाऱ्यावर नव्हता. भूकंप, कचऱ्याचे वार, खालच्या मजल्यावरच्या आजींची झोप, देवदत्तचं दर मार्चला संपणारं काँट्रॅक्ट, सगळ्यांची काळजी ती आळीपाळीने करायची. निर्धास्त होती ती एकाच बाबतीत, मितालीच्या पोहण्याच्या.

मिताली वॉर्डाच्या, म्हणजे पालिकेच्या शाळेत तिसरीत होती. साध्या सरकारी शाळेला स्वतःचा तलाव, हे चारुताला आधी खरंच वाटेना. पुण्याला तिच्या शाळेत पी.टी.च्या तासाला गणिताच्या बाई पोर्शन पुरा करायला यायच्या आणि मैदान लग्नाच्या मांडवांना जायचं. इथे उन्हाळ्याआधी डॉक्टर येऊन पोरांचे कान तपासत. मळ निघाला तर तो काढून आणल्याशिवाय पाण्यात उतरू देत नसत. हे सगळं पाहून चारुता थक्क व्हायची, आणि मग तिला उगाचच राग यायचा. कुणाचा, ते मात्र कळायचं नाही.

ऑलिंपिक संपून थोडेच दिवस झाले होते. वॉर्डाच्या तलावावर शिकवणाऱ्या कुदो-सान नावाच्या बाईंनी चारुताला थांबवलं. पन्नाशीच्या, गळ्यात शिटी, कमरेतून नीट वाकून बोलणाऱ्या.

"मिताली-चान पाण्याशी झगडत नाही. एप्रिलपासून आमच्या गटात येऊ द्या. फी नाही. मूल वॉर्डाच्या शाळेत शिकणारं हवं, एवढीच अट."

चारुताने दोनतीनदा वाकून हो म्हटलं.

"शंभर कोटींच्या वर माणसं आणि यंदा एक सुवर्ण," रात्री जेवताना देवदत्त म्हणाला. "पुढचं आपल्या घरातून."

"कुणाच्या नावावर पण? त्यांच्या की आपल्या?"

"आधी मिळू दे तर. मग भांडू."

हे हसणं पंधरा दिवस टिकलं. तिकडे अमेरिकेत बँक बुडाली आणि इकडे देवदत्तच्या तोयोसुच्या ऑफिसात माणसं हळू आवाजात बोलायला लागली. नेमका तेव्हाच, नाव नोंदवून ठेवलेल्या इथल्या भारतीय शाळेतून फोन आला. एक सीट रिकामी झाली होती, लगेच कळवा.

"मार्चमध्ये आधी आपल्यालाच घरी पाठवणार," देवदत्त म्हणाला. "पुण्यातली शाळा पहिलं विचारेल, बोर्ड कुठलं? काय सांगणार?"

"आणि कुदो-सान?"

"अगं, चांगल्या खेळाडूला कोण अटी लावतं? आमच्या कॉलेजचा प्रल्हाद क्रिकेट खेळायचा. वर्षभर वर्गात दिसला नाही, तरी प्राचार्यांनी स्वतः त्याचा फॉर्म भरून घेतला."

चारुताला ते पटलं. तीही त्याच हवेत वाढली होती. नियम सामान्यांना, गुणी पोरासाठी कुठलं तरी दार किलकिलं ठेवतातच, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. ऑक्टोबरात मितालीची शाळा बदलली. कुदो-सानना कुणी काही बोललं नाही. वेळ आली की सांगू, असं चारुताने ठरवलं.

फेब्रुवारीत देवदत्त पेढे वाटायला निघाल्यासारखं तोंड करून घरी आला. क्लायंटची सिस्टिम अर्धवट होती, काँट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं होतं. चारुता दुसऱ्याच दिवशी तलावावर गेली. जाताना पुण्याहून आलेल्या काजूकतलीचा न उघडलेला बॉक्स घेतला.

कुदो-सानना शाळा बदलल्याचं ठाऊक होतं. मितालीची जागा दुसऱ्या मुलीला दिली होती.

"मी तिला उद्याच वॉर्डाच्या शाळेत परत घालते," चारुता म्हणाली.

कुदो-साननी दातांतून हवा आत ओढली. "जरा कठीण आहे."

"पण ती सगळ्यांत वेगाने पोहते ना?"

"हो, पोहते. म्हणून फारच वाईट वाटतं."

"पुढच्या वर्षी?"

"निवड तिसरीतूनच होते. मिताली-चान आता चौथीत जाईल."

बॉक्स मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. चारुता तरंगतच घरी आली. "घेतला. म्हणजे काम होणार."

"माणसं सगळीकडे सारखीच," देवदत्त म्हणाला.

दोनतीन दिवसांत पार्सल आलं. सुरेख कागदात दोन पांढरेशुभ्र टॉवेल आणि आभाराच्या दोन ओळी. चारुताने ते शेजारच्या चित्राताईंना दाखवले. चित्राताईंचे यजमान ट्रेडिंग कंपनीत, इथे येऊन वीस वर्षं झालेली. नव्या बायकांना जपान समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे आपसूक आलं होतं.

"छान आहेत. वापर," टॉवेल चाचपत त्या म्हणाल्या.

"चित्राताई, पण म्हणजे काय समजायचं?"

"फिट्टंफाट समजायचं. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नसलं की इथे अशी परतफेड करतात. तुझ्यावर राग नाही हो तिचा. पण आता तुझा बॉक्सही मिटला आणि विषयही."

"इतकी चांगली पोहणारी मुलगी सोडून देतील?"

"तुझ्या मितालीवाचून यांचं अडतंय कुठे, बाई? शाळाशाळांतून तलाव, तलावातलावावर कुदो. एक गेली की मागे दहा उभ्या. अडतं ते आपलं. आपल्याकडे अशी पोर लाखात एक, आणि तिला उतरायला पाणी नाही." त्यांनी टॉवेल पुन्हा कागदात गुंडाळले. "चहा टाकू?"

एप्रिलातल्या एका रविवारी चारुता मितालीला वॉर्डाच्या तलावावर घेऊन गेली. पलीकडच्या दोन लेन दोरी लावून गटासाठी ठेवलेल्या. ज्या मुलीला मितालीची जागा मिळाली, ती दर चार हातांनी पाणी गिळत होती. कुदो-सान काठावर गुडघे टेकून तिचं कोपर पुन्हा पुन्हा वर उचलत होत्या, न चिडता, न थकता. चारुता डोळ्यांत तेल घालून खोट शोधत होती. कुणी पैसे खाल्ले असते, कुणाची भाची घुसवली असती, तर निदान मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. इथे सगळं जागच्या जागी होतं आणि म्हणूनच घशाखाली उतरत नव्हतं.

अलीकडच्या लेनमध्ये म्हाताऱ्या बायका कमरेएवढ्या पाण्यातून चालत होत्या. मिताली वेग घ्यायची आणि त्यांच्यामागे थांबायची. थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"किती छान पोहलीस गं."

मिताली पलीकडे बघत जपानीत म्हणाली, "तिचा हात आता नीट यायला लागला." मग आईसाठी मराठीत, "माझा कोण बघणार?"

"मी बघते ना."

"तुला कळत नाही, आई. तुला सगळंच छान दिसतं," असं म्हणून ती कपडे बदलायला गेली.