ब्याण्णव अंशांवर उकळणारं पाणी

मी तापमापी बोलतोय. माझा गळा केसाएवढा बारीक, त्यामुळे आवाजही तसाच. जरा जवळ या.

समुद्रकाठच्या एका थंड गावात एका म्हाताऱ्या कारागिराने काच फुंकून मला घडवलं. आधी त्याने मला वितळत्या बर्फात उभं केलं. पारा जिथे थांबला तिथे शून्याची रेघ आली. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरलं, तिथे शंभराची. मधल्या वाटेचे त्याने शंभर सारखे भाग केले. माझं सगळं शिक्षण एवढंच. त्यानंतर मला कुणी काही शिकवलं नाही.

जहाजाने मी होदैदा बंदरात उतरलो आणि तिथून ट्रकमध्ये, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, येमेनच्या डोंगरांवर चढलो. ट्रक चढत होता, तसा पोटातला पारा उतरत होता आणि मला झोप येत होती. जागा झालो तेव्हा मुलींच्या शाळेच्या खिडकीत होतो. खिडकीबाहेर, बऱ्याच खाली, ढग तरंगत होते.

शाळेत विज्ञान शिकवायला सुहैरबाई होत्या. त्या इजिप्तच्या, दमिएत्ता गावच्या. तिथेही घरासमोर समुद्र. पहिल्याच तासाला त्यांनी चंचुपात्रात पाणी ठेवलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला आणि मला आत सोडलं. पाणी गुणगुणू लागलं, बुडबुडे माझ्या अंगाला लागून वर पळू लागले. मी चढलो, चढलो आणि ब्याण्णववर थांबलो. पाणी खळखळत होतं, पण पारा पुढे सरकेना. वाट होती, पण मला हाक येत नव्हती.

बाईंनी वाकून पाहिलं. वात वाढवली. पुन्हा पाहिलं.

"बिघडलाय हा," त्या म्हणाल्या. "मुलींनो, वहीत शंभर लिहा."

तीस मुलींनी शंभर लिहिलं. माझ्या गळ्यात 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी बांधली गेली आणि मी खालच्या खणात गेलो. शाळेत दुसरा तापमापी नव्हता. पुढे तो प्रयोग कुणी केलाच नाही. पाणी न तापवताच मुली दरवर्षी शंभर लिहीत राहिल्या.

खणात मी तीन वर्षं होतो. अंधारात ऊन-थंडी हलकेच आत झिरपायची आणि माझा पारा झोपेत कूस बदलावी तसा वर-खाली व्हायचा. कधी कधी वाटायचं, खरंच मी खोटं बोललो असेन. सगळे सांगतात म्हटल्यावर काचेलाही तसं वाटू लागतं.

मग एकदा नववीतली लुत्फिया कपाट आवरायला आली. तिच्या ओठांवर सतत कसला तरी प्रश्न असायचा. तिने माझी चिठ्ठी वाचली.

"बाई, याचं काय बिघडलंय?"

"खोटं सांगतो तो."

"किती?"

"किती म्हणजे? आठ अंश."

"नेहमी आठच? की गार पाण्यातही?"

सुहैरबाई वह्या तपासत होत्या. त्यांचा लाल पेनाचा हात थांबला. "ते काही पाहिलं नाही मी," त्या म्हणाल्या. बाई रागीट होत्या, पण खोटारड्या नव्हत्या.

मग लुत्फियाने माझी परीक्षा घेतली. खालून मासे घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याकडून तिने बर्फ आणला, पाट्यावर कुटला आणि मला त्यात खोवलं. बर्फाला सुरमईचा वास येत होता. मी नेमका शून्यावर उभा राहिलो. मग तिने मला काखेत धरलं आणि दोनशेपर्यंत मोजलं. मी सदतीसच्या जवळ. मग उकळतं पाणी. विहिरीचं पाणी, टाक्यातलं पाणी, शाळेचं चंचुपात्र, घरचं पातेलं, सगळ्यांत तीन-तीन वेळा. दर वेळी ब्याण्णव. प्रत्येक आकडा तिने तारखेसकट लिहिला. एकदा हात हलून एक्याण्णव दिसलं, तेही खोडलं नाही.

घरच्या पातेल्याच्या वेळी तिची आई शेजारीच बसली होती.

"एवढं काय पाहतेस त्यात?"

"पाणी लवकर उकळतंय, आई. पुरतं तापायच्या आधीच."

"मग त्यात काय नवल? म्हणून तर इथे घेवडा शिजायला सकाळची दुपार होते. होदैदाला तुझ्या खालाकडे नमाज पढून येईतो मऊ. मला वाटायचं, तिचं नशीबच चांगलं."

लुत्फिया चुलीसमोर कितीतरी वेळ तशीच बसली. वाफेने माझं अंग धुकटलं होतं, पण तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगाच्या वहीत ब्याण्णव लिहिलं. बाईंनी वही परत सरकवली.

"महिन्याने परीक्षक येणार आहेत राजधानीतून, सनाहून. वही नापास झाली तर परीक्षेला बसू देणार नाहीत तुला. शंभर लिही."

"मी पाहिलं नाही ते कसं लिहू, बाई?"

"पुस्तक लिहिणारे काय वेडे होते?"

"नाही. ते खाली राहत असतील."

बाईंनी पुढची वही ओढली. पण ईदच्या सुट्टीत लुत्फियाचं घर खालाच्या, म्हणजे मावशीच्या, मुलीच्या लग्नाला निघालं, तेव्हा गाडीपाशी सुहैरबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत, रुमालात गुंडाळलेला मी होतो. "समुद्र पाहून वर्ष झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

होदैदाला खालाच्या स्वयंपाकघरात गर्दी होती. मेंदीच्या हातांच्या बायका, पिवळ्या भाताचे ढीग. कोपऱ्यातल्या एका चुलीवर पाणी ठेवलं गेलं. मी चढू लागलो. ब्याण्णव मागे पडलं. पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव. जन्माच्या वेळची ती रेघ हळूहळू जवळ आली आणि मी तिच्यावर जाऊन टेकलो. शंभर.

लुत्फियाने आकडा लिहिला. सुहैरबाई ओढणीच्या टोकाने घाम पुसत खाली बसल्या.

"बरोबर होता गं तो," त्या म्हणाल्या. "वर हवेचं ओझं कमी. पाण्याला उठायला सोपं जातं. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण समोर दिसलं तेव्हा ओळखलं नाही. तीन वर्षं मुलींना न पाहिलेलं लिहायला लावलं." मग मला रुमालाने पुसत, "चुकले मी."

आजवर माणसांचे पारे चढलेले मी पुष्कळ पाहिले. एखाद्याचा असा शांतपणे उतरलेला पाहण्याची ती पहिलीच वेळ.

परतीच्या वाटेवर गाडी जिथे थांबेल तिथे दोघी स्टोव्ह पेटवायच्या. पायथ्याशी अठ्ठ्याण्णव, घाटात शहाण्णव, त्याहून वर चौऱ्याण्णव. उतारू वैतागले.

"मास्तरीणबाई, एवढं पाणी तापवताय, चहा तरी टाका," ड्रायव्हर म्हणाला.

चौऱ्याण्णवला त्यांनी खरोखरच चहा टाकला. सगळ्यांनी पेले पुढे केले.

परीक्षक आले. त्यांनी ब्याण्णववर लाल रेघ मारली. लुत्फियाने बर्फातले, होदैदाचे आकडे उघडून दाखवले. सुहैरबाईंनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी परीक्षकांसमोर दिवा लावला, पाणी ठेवलं आणि खुर्ची पुढे केली. "बसा, साहेब. दहा मिनिटं लागतील."

परीक्षक माझ्याकडे पाहत बसले. पाणी खळखळलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग लाल रेघेखाली लिहिलं, 'स्वतः पाहिलं', आणि सही केली. अक्षर वाईट म्हणून दोन गुण मात्र कापले. लुत्फिया त्या वर्षी परीक्षेला बसली आणि पुढे सनाच्या शिक्षिका विद्यालयात गेली.

सुहैरबाई दोन वर्षांनी मायदेशी परतल्या. जाताना त्यांनी माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीचा उरलेला दोरा कात्रीने कापला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं काम केलं. मग एका मुलीने घाईत माझ्यानेच पाणी ढवळलं आणि माझं टोक तडकलं. पारा टेबलावर सांडला, चांदीच्या थेंबांसारखा धावत सुटला. मुलींना दूर करून तेव्हाच्या बाईंनी तो कागदावर गोळा केला आणि बाटलीत बंद केला. रिकामी नळी टाकवेना म्हणून कुणी तरी मला खिडकीत ठेवलं.

आता मी तिथेच असतो. सकाळी ढग चढून येतात, काचेला टेकतात, निघून जातात. ते गार आहेत की कोमट, मला कळत नाही. पूर्वी मी सांगायचो आणि माणसं वाद घालायची. आता मी नुसता पाहतो, तेही अर्धवट झोपेत.

तुमच्याकडे धड तापमापी असेल. त्याला पाण्यात सोडा, वाकून डोळा पाऱ्याच्या रेषेत आणा आणि दिसेल तो आकडा लिहा. पुस्तकाशी जुळला नाही तर त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधायची घाई करू नका. आधी थोडा बर्फ शोधा.