नसलेला मजला

आमचे हे, म्हणजे भय्यासाहेब, विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण विमा काही यांच्यातून निवृत्त झाला नाही. जबलपुरात दोन मराठी माणसं भेटली की एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करतात. हे पॉलिसीची करतात. त्यामुळे नगर निगमाने, म्हणजे इथल्या महापालिकेने, घरपट्टीत अग्निशमनाचा उपकर लावला, तेव्हा यांच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो मला नवा नव्हता.

"सरासर अन्याय आहे," हे म्हणाले. "बंबाचा खर्च विम्याच्या हप्त्यातून काढा न. ज्याला आगीची भीती, तो विमा काढेल. मी हप्ता भरून राहिलो. मग दुसऱ्याच्या आगीसाठी वरून घरपट्टी काहून भरू?"

"अहो, आग काय पॉलिसी विचारून लागते?"

"तुला नाही कळणार ते. चलो, चहा ठेव."

उपकर बांधकामाच्या मापावर होता, आणि दुखणं तिथेच होतं. आमच्या गच्चीवर पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आहे. तिथे मी काळा मसाला करते. इथल्या बाजारात गरम मसाला पोत्याने मिळतो, पण आपल्या भरल्या वांग्याला लागतो तो काळा मसाला कोणी देत नाही. पार पनागर गावापासूनची मराठी घरं माझ्याकडे मागणी नोंदवतात. मदतीला ज्योती आहे, पलीकडच्या वस्तीत भाड्याने राहणारी, नवऱ्यामागे एका मुलीला वाढवणारी. उपकर लागला तसं तिच्या घरमालकाने भाडं वाढवलं. तिने ते मला सांगितलं, आणि यांनी तेवढंच उचलून कॉलनीच्या सभेत भाषण ठोकलं, गरिबाचे कसे हाल होऊन राहिले म्हणून. टाळ्या पडल्या. ज्योतीचं भाडं तसंच राहिलं.

भाषणाने उपकर हटेना, तेव्हा यांनी मजला हटवायचं ठरवलं.

"मापायला येणारा माणूस आधी जिना पाहतो," हे म्हणाले. "जिना नाही तर मजला नाही."

झालं. पुढचा लोखंडी जिना कापून भंगारवाल्याला दिला. खोलीपुढची गॅलरी पत्रे ठोकून बंद केली, वर एक काळी टाकी बसवली. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, पाण्याची टाकी आहे. आम्ही बायकांनी मात्र मागच्या बाजूने बांबूच्या शिडीवरून चढायचं. या वयात लुगडं सावरत मी ती शिडी चढत होते आणि प्रत्येक पायरीला नवऱ्याचा उद्धार करत होते. कर वाचवायला जिना विकणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. विमाही यांनी तळमजल्याचाच काढला होता. खोटं बोलायचं तर सगळीकडे सारखं, हा यांचा प्रामाणिकपणा.

मापणी आमच्या गल्लीत आली त्या दिवशी ज्योती वर मिरच्या भाजत होती. हे शिडीखालून तिला सांगून आले, "पाहुणा आला आहे. तो जाईपर्यंत अजिबात आवाज करू नको."

पाहुणा म्हणजे निगमाचा दिवाकर. नाव ऐकून यांनी गाव विचारलं, आजोळ वर्ध्याचं निघालं, आणि हे खुलले. आपलाच माणूस म्हणून त्याला चिवडा आला, चहा आला, बसायला आधी न दिसलेला सोफा दिसला.

"काकू, मसाल्याचा वास मस्त येऊन राहिला," दिवाकर म्हणाला.

"स्वयंपाकघरातून," हे म्हणाले. "आपलं घर एकमजली. लहानसं."

तेवढ्यात वास बदलला. दिवाकरला ठसका लागला, मग यांना, मग मला. मी धावत मागच्या अंगणात गेले. खोलीच्या दारातून जाळ बाहेर येत होता. शेगडीजवळ रिकामी खोकी होती, पिशव्या होत्या, तेलाचा डबा होता. दाराला टेकलेल्या बांबूच्या शिडीने वरून पेट घेतला होता. मी ज्योतीला हाका मारल्या. उत्तर आलं नाही. बंबाला फोन मी लावला, पत्ता दिवाकरने सांगितला.

बंब लगेच आला, कारण त्याची चौकी ज्योतीच्या वस्तीच्याच तोंडाशी आहे. जळत्या मिरच्यांनी अख्खी गल्ली खोकत होती. पुढच्या बाजूला जवानांचा प्रमुख तोंडावर रुमाल धरून यांच्यापाशी आला.

"ऊपर कोई है?"

दिवाकर शेजारीच उभा होता, मापाची फीत हातात घेऊन. यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"ऊपर कुछ नहीं है," हे म्हणाले. "पानी की टंकी है."

मी यांच्याबरोबर अख्खा संसार केला आहे. त्या क्षणी मला हा माणूस ओळखीचा वाटला नाही.

मग पत्रा वाजला. जोरात नव्हे. आधी एकदा, मग जरा थांबून पुन्हा. आवाज करू नको असं सांगितलेली बाई आग लागल्यावरही बिचकत पत्रा वाजवत होती.

मी त्या प्रमुखाची बाही धरली. "कमरा है भैया, लड़की है अंदर. पत्रा तोड़िए."

त्यांनी शिडी लावली ती बरोबर तिथेच, जिथे आमचा जिना होता. दोघांनी पत्रे उचकटले आणि ज्योतीला खांद्यावरून खाली आणलं. केसांची टोकं जळली होती, हात भाजला होता, पण जीव होता. तिला पोटाशी धरून मी रडले, सगळ्या गल्लीदेखत. मागे पत्र्याचं छप्पर खाली बसल्याचा आवाज झाला.

 आग विझली तसे हे प्रमुखाकडे गेले आणि खिशात हात घातला. "आपका कितना हुआ?"

"कुछ नहीं लगता, साहब. टैक्स में आ जाता है."

ज्योती दाराच्या पायरीवर बसून पाणी पीत होती. तिने साधेपणाने वर पाहिलं. "त्याचे पैसे मी देऊन राहिली न, काका. भाड्यात."

टोमणा नव्हता तो. काकांना उगाच खर्च नको, एवढंच तिच्या मनात होतं. यांचा चेहरा पडला. पडायलाच हवा होता. ते तसेच वळून दिवाकरपाशी गेले.

"लिहून घ्या," हे म्हणाले. "वर एक मजला आहे."

दिवाकरने वर पाहिलं. चार काळ्या भिंतींवर आभाळ होतं. त्याने फीत गुंडाळली.

"आता कुठे आहे, काका?"

ज्योतीला दवाखान्यात नेऊन आणल्यावर मी वेल्डरला फोन केला. हे भीतभीत म्हणाले, "विनता, आधी खोली तर उभी राहू दे."

"नाही," मी म्हटलं. "आधी जिना."