दगडी कडं

आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं देऊळ आहे. मूर्ती हातभरच. दूरदूरचे लोक येतात ते गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीतल्या कड्यासाठी. काळ्या दगडाचं, बांगडीएवढं, हात घालून घालून आतून गुळगुळीत झालेलं. त्यात मनगटापर्यंत हात घालायचा, काय ते बोलायचं आणि हात काढून घ्यायचा. खऱ्याचा निघतो, खोट्याचा अडकतो.

देवी म्हणे एका घरात सून होऊन राहिली होती. घरात काहीतरी हरवलं आणि आळ सुनेवर आला. तिनं हातातलं कडं काढून भिंतीला लावलं, ते दगडाचं झालं. त्यात हात घालून ती म्हणाली, "मी घेतलं नाही," आणि हात सहज काढून घेतला. मग सासूनं घातला. सासू अजून तिथेच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ही गोष्ट मला सासूबाईंनीच सांगितली होती आणि वर हसून म्हणाल्या होत्या, "एखाद्या सुनेनंच रचली असणार."

मूल व्हावं म्हणून मी हजार दिवसांचा नेम धरला होता. रोज सकाळी देवीला अकरा प्रदक्षिणा, घरातून निघताना तोंड मिटायचं ते अकरावी संपेपर्यंत. मध्ये एक शब्द गेला तर पुन्हा पहिला दिवस. माझं वय पाहता पुन्हा पहिला दिवस येणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं.

सासूबाईंना मधुमेहाची, साखर उतरवायची गोळी सकाळी द्यायची असे. ते काम धाकटीचं, माझ्या जावेचं. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत ती रात्रपाळी करी, साडेसातला घरी येई आणि चप्पल काढता काढता आधी गोळी देई. त्या दिवशी तिला उशीर झाला. मी ओट्यापाशी वाती वळत होते. आमचे हे पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आईच्या खोलीत गेले, रिकामा पेला घेऊन बाहेर आले. मी पाहिलं, आणि देवळात निघून गेले.

धाकटी आली तेव्हा हे अंघोळीला गेले होते. "गोळी दिली का कुणी?" तिनं दारातूनच विचारलं म्हणे. उत्तर आलं नाही, म्हणून तिनं दिली. सासूबाईंनी त्या सकाळी खाल्लंही नव्हतं धड. अकराच्या सुमाराला त्या घामानं भिजल्या आणि त्यांनी डोळे फिरवले. चार दिवसांनी हॉस्पिटलातून घरी आणलं ते नुसतं शरीर. बोलणं गेलं, ओळख गेली.

"गोळी दोनदा गेली आहे," डॉक्टर म्हणाले.

"मी एकदाच दिली," धाकटी म्हणाली.

"मी तर त्या खोलीत पाऊलच टाकलं नाही," हे म्हणाले.

मला कुणी विचारलं नाही. सकाळची मी नेमात असते, घरात असून नसल्यासारखी, हे सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना हे माझ्या शेजारी येऊन बसले.

"तू वाती करत होतीस ना तेव्हा?"

"हो."

"चुकून झालं गं. आईला भूक लागली होती, म्हटलं गोळी देऊन टाकू. आता कबूल केलं तर जन्मभर ऐकावं लागेल."

मी घड्या घालत राहिले.

नणंद आली ती चप्पलही न काढता बोलायला लागली. "दादा खोटं बोलत नाही. पाळीवरून पेंगत पेंगत यायचं, दिली की नाही ते लक्षात राहत नाही, आणि दिली पुन्हा. आणि आता साळसूदपणा."

"वन्सं, मी पेंगत नव्हते."

"मग रविवारी सकाळी कड्यात हात घाला दोघांनी. देवी बघून घेईल."

धाकटे दीर आजवर बायकोसमोर चहा कमी गोड झाला तरी गप्प बसणारे. तेही म्हणाले, "हात अडकला तर मात्र हिनं या घरात राहायचं नाही. पोरगी इथेच राहील."

पोरगी सात वर्षांची. पलंगाच्या कडेला बसून आजीच्या पायांना मलम चोळत होती.

धाकटी घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "घालते की. मी कुठे खोटं बोलतेय?"

खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. मी बोलायची गरज उरली नाही. यांचा हात अडकेल, यांना सगळ्यांसमोर कबूल करावं लागेल, आणि नवऱ्याविरुद्ध बोलल्याचं पाप मला लागणार नाही. इतक्या वर्षांची सेवा होती माझी. देवी एवढं करेल, यात मला शंका नव्हती.

रविवारी मी नेहमीच्या वेळेला देवळात गेले. नऊशे शहाऐंशीवा दिवस. मंडळी आली तेव्हा माझी आठवी प्रदक्षिणा चालू होती. प्रदक्षिणेची वाट कड्यासमोरूनच जाते.

आधी यांनी हात घातला. यांचा हात ऑफिसातला, निमुळता, मऊ. "मी आईला गोळी दिली नाही." हात निघाला. लोण्यातून सुरी निघावी तसा. मी कोपऱ्यावरून वळले.

नवव्या वेळी समोर आले तेव्हा धाकटी हात आत घालत होती. तेव्हा कुठे माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. गरम पाणी, ब्लीच, ओल्या चादरींची ओझी. तिच्या बोटांची पेरं सुजलेली असत, आणि सकाळी तर मूठही वळत नसे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या बांगड्या निघेनात तेव्हा मोरीत बसून, साबण लावून, मीच काढल्या होत्या. त्यानंतर तिनं बांगड्या भरल्याच नाहीत.

दात आवळून तिनं हात आत ढकलला. "मी गोळी एकदाच दिली." आणि ओढला. आला नाही.

"बघा," नणंद म्हणाली. मोठ्यानं नाही. मोठ्यानं म्हणायची गरजच नव्हती.

"अहो, सूज आहे हो हाताला," धाकटी म्हणाली. "काका, जरा पाणी घाला."

पुजारीकाकांनी मान हलवली. "पाणी नाही, तेल नाही. कड्याचा नियम आहे, बाई. मी बदलू शकत नाही."

मी चालत होते. धाकटीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही सांगा ना. साबण लावून तुम्हीच नव्हत्या का काढल्या बांगड्या?"

सगळे माझ्याकडे वळले. हेसुद्धा. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. माझ्या तोंडात तो शब्द आला होता, त्याची चव मला अजून आठवते.

"तिला कशाला मध्ये ओढतेस? तिचा नेम चालू आहे," नणंद म्हणाली.

मी कोपऱ्यावरून वळले. मागे दगडाला कातडी घासल्याचा आवाज येत होता. ही दहावी, मी स्वतःला सांगितलं, अजून एकच. ती झाली की बोलेन. मी भरभर चालले. प्रदक्षिणा भरभर घालू नयेत असं मीच इतरांना सांगत असे.

पुन्हा समोर आले तेव्हा ती नुसती उभी होती, भिंतीला बांधल्यासारखी. आता ती माझ्याकडे बघत नव्हती. दीर पायऱ्या उतरून निघून चालले होते. न्याय झाला म्हटल्यावर पुजारीकाकांनी समईतलं तेल तिच्या हातावर ओतलं.

अकरावी संपवून मी आले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. कड्याखाली तेलाचा ओघळ होता आणि थोडं रक्त. माझं मौन सुटलं होतं. बोलायला समोर पुजारी तेवढे होते. ते फरशी पुसत होते. मी त्यांना म्हटलं, "तिच्या हातांना सूज असते."

"असेल," ते म्हणाले. "पाय उचला जरा."

धाकटी दुपारी पिशवी भरून निघाली. मी दारात आडवी आले. "मी सांगते घरात सगळं. आत्ता सांगते."

तिनं तळव्याला फडकं गुंडाळलं होतं. "नेम पुरा झाला ना तुमचा, ताई?" तिनं विचारलं. अगदी साधं, जेवलात का विचारावं तसं. मग म्हणाली, "पोरीची वेणी घट्ट घालू नका, तिचं डोकं दुखतं."

मी त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पोरगी आता माझ्याजवळ झोपते. पहिले आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली, मग एकदा झोपेत माझ्या अंगावर हात टाकला. नणंद परवा बघून गेली. म्हणाली, "वहिनी, पावली की नाही देवी? हजार दिवस व्हायच्या आत घरात मूल दिलं." तिला ते मनापासून वाटत होतं.

हजाराव्या दिवशी अकरावी प्रदक्षिणा संपल्यावर मी कड्यासमोर थांबले. देवळात कुणी नव्हतं. मी हात आत घातला. दगड गार होता. काय बोलायचं ते ठरवून आले होते. माझ्यापाशी बोलण्यासारखं तेवढंच होतं.

"मी खोटं बोलले नाही," मी म्हटलं.

हात अलगद बाहेर आला.