बगळ्याच्या पोटातली पाणफुली

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दादा मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायचा आणि त्याची धाकटी बहीण वाळवलेली फुलं कागदावर चिकटवायची. घरात तिला चिमणी म्हणत. झाडांच्या खात्यात चिमणी कशी, यावर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचं हसून झालं होतं.

त्या सकाळी दुरुस्तीला राखी बगळा आला. वडिलांनी भरलेला, त्यांच्या हातचं उरलेलं एकच काम. पंखाखालची शिवण जराशी उसवली होती. दादा सुईत दोरा ओवत होता, तेवढ्यात चिमणीने त्याचा हात धरला. फटीतून एक वाळकी काडी डोकावत होती आणि काडीला बोंड होतं.

पाणफुलीचं बोंड. पेंढा कमी पडला की वडील नदीकाठचं हाताला येईल ते कोंबायचे. तेव्हा ही पिवळी फुलं तिथे गुडघाभर माजायची. आता ती कुणाला दिसून वर्षं लोटली होती, पुस्तकांनी तिला नामशेष ठरवलं होतं.

बी रुजवायचं तर नुसतं बोंड ओढून भागणार नव्हतं. कीड लागू नये म्हणून कातड्याला आतून विषारी साबण चोळतात, त्याला टेकलेलं बी मेलेलंच. तगलं असेल ते पोटाच्या मधोमध. म्हणजे बगळा उभा उसवायचा. दादाने विचारलं, बाबांचे टाके मग कुठून आणू?

चिमणी मागे हटणारी नव्हती. पक्षी प्राण्यांत, फूल वनस्पतींत, वर्गीकरणाच्या पहिल्याच पायरीला वाटा वेगळ्या, हे तिला मान्य. पण खाली उतरून बघ म्हणाली. बगळ्याच्या कुळात केवढा गोतावळा! पाणफुलीच्या कुळात मात्र ही एकच जात.

"तुझा हा तळ्यावर मजेत मासे मारतोय, दादा. हिच्या मागे घराला कुलूप."

दादाने बराच वेळ बगळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग कात्री उचलली.

मधोमध मूठभर बोंडं निघाली. चिमणीने बी ओल्या मातीत पेरलं. पुष्कळसं कुजलं. एक रोप आलं आणि पुढे पिवळं फुललं.

साहेबांनी बगळ्याची आणि फुलाची पाटी शेजारीशेजारी लावली. बगळा: धोका नाही. पाणफुली: अतिसंकटग्रस्त. चिमणी दुसरी वाचून नाचायचीच बाकी होती.

"एवढ्या संकटात आहे, आणि तू हसतेस?" दादा म्हणाला.

"काल ती नव्हतीच की रे."

दादा हसला आणि बगळा काचेच्या कपाटात ठेवायला उठला. पोटावर आता त्याचे टाके होते. मानेजवळचे वडिलांचे तेवढे त्याने तसेच राखले होते.